लंबपुच्छरावांची परदृष्टी

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यात एक मगर होती. आता मगर कशाला होती, असं विचारू नका मुलांनो. गोष्टीत मगर हवी म्हणून मी ती आणून सोडलेली नाही. ती आधीपासून तिथे राहत होती, गोष्ट नंतर आली.

तळ्याच्या काठावर एक जुनं जांभळाचं झाड होतं. त्यावर वानरांची वस्ती होती. शेंड्यावर बसलं की सगळं तळं दिसायचं आणि मगर कुठे आहे तेही दिसायचं. मगर काठाकडे सरकू लागली की वरचं एखादं वानर "खॅक! खॅक-खॅक!" असं ओरडायचं. ते कानावर पडलं की खाली पाणी पिणारी हरणं, भेकरं, रानडुकरं एका उडीत मागे व्हायची. मगर आत गेली की वानर गप्प बसायचं आणि सगळे पुन्हा पाण्याला तोंड लावायचे.

याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. वानरं ओरडायची, कारण वानरं ओरडतातच. उलट बिबट्याचा वास आला की हरणं शेपट्या वर करायची आणि ते बघून वानरं शेंडा गाठायची. कुठे काही लिहिलेलं नव्हतं. ठराव झालेला नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. आणि मुलांनो, एखादी गोष्ट इतकी बिनबोभाट चालली असली की कुणाला तरी तिच्यात सुधारणा करावीशी वाटतेच.

इथे ती लंबपुच्छरावांना करावीशी वाटली.

लंबपुच्छराव हे जांभळावरच्या वानरांचे प्रमुख. त्यांची शेपटी इतर वानरांपेक्षा चांगली दीड वीत लांब होती. ते बोलताना ती फांदीखाली सोडून हळूहळू झुलवत. एकदा ते अभ्यासदौऱ्यावर गेले. जंगलाच्या कडेने डांबरी रस्ता जातो, तिथल्या चौकात विजेच्या खांबावर त्यांनी तीन दिवस मुक्काम केला आणि सिग्नल पाहिला.

"माणसं ओरडत नाहीत," परत आल्यावर ते सगळ्यांना म्हणाले. "लाल दिसलं की थांबतात. हिरवं दिसलं की निघतात. किती शांत! किती सभ्य! नाहीतर आपण. खॅक खॅक करत बसलोय जन्मभर."

आता माणसं सिग्नलला किती थांबतात आणि थांबल्यावर किती शांत असतात, हे त्यांनी पाहिलं नसेल असं नाही. पण अभ्यासदौऱ्याच्या अहवालात तसं लिहायची पद्धत नसते.

झालं. जांभळावर 'दृष्टी व दिवे खातं' सुरू झालं. तळ्याच्या काठावर वाघाच्या उंचीचा एक पडदा उभा राहिला. शेंड्यावर एका ढोलीत संगणक बसला. मगर लांब असली की वरचं वानर एक बटण दाबी आणि पडदा हिरवा होई. मगर जवळ आली की दुसरं बटण दाबी आणि पडदा लाल होई. चारी दिशांना पाट्या लागल्या, 'शांतता क्षेत्र. ओरडणाऱ्यावर कारवाई केली जाईल.' उद्‌घाटनाला लंबपुच्छराव तासभर बोलले. पोपट खात्याचा कारकून झाला, कारण त्याला सांगितलेलं जसंच्या तसं म्हणता येत होतं.

सगळं झकास झालं. फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली. तळ्यावर येणाऱ्या निम्म्याअधिक जनावरांना लाल आणि हिरवा यातला फरकच दिसत नव्हता.

आता आपली भागी या गोष्टीत येते.

भागी ही रोही होती. रोही म्हणजे नीलगाय. नाव नीलगाय असलं तरी मादी निळी नसते, तांबूस असते. पण ते भागीला कोण सांगणार? कारण रोहीच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा असे दोन वेगळे रंग नसतातच. दोन्ही मिळून एकच, वाळल्या कडब्याचा रंग असतो. यात भागीची काही चूक नव्हती आणि आजवर तिचं काही अडलंही नव्हतं. कोवळं गवत वासाने कळायचं. मगर कानाने कळायची.

भागीची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं ठमामावशीने. ठमामावशी पडदा लागल्यानंतर पाचव्या दिवशी तळ्यावर गेली. पडदा कडब्याच्या रंगाचा होता. पाचही दिवस तो कडब्याच्याच रंगाचा होता. मावशीने तोंड पाण्याला लावलं आणि मगरीने तिचा मागचा पाय धरला. लाथ बसली म्हणून सुटली, पण पाय कायमचा अधू झाला.

बाकीचे रोही दोन टेकड्यांपलीकडच्या झऱ्यावर जाऊ लागले. मावशीला तेवढं चालवेना. तिला प्यायला हे एकच तळं उरलं. म्हणून भागी रोज तिच्याबरोबर यायची, काठावरच्या बगळ्यांकडे बघत उभी राहायची आणि बगळे उडाले की मावशीला मागे ढकलायची. पण बगळ्यांचं काय खरं, मुलांनो? ते कशालाही उडतात आणि कधीकधी कशालाच उडत नाहीत. मावशीचं निम्मं पाणी पिणं राहून जायचं. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. भागीचा जीव तुटायचा.

शेवटी एके दिवशी भागी जांभळाखाली जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती वर बघून म्हणाली, "आम्हाला तुमच्या पडद्यावरचे रंग वेगळे दिसत नाहीत."

मग लंबपुच्छराव स्वतः तीन फांद्या खाली आले. मुलांनो, लंबपुच्छराव दुष्ट नव्हते बरं का. दुष्ट असते तर ही गोष्ट चार ओळींत संपली असती. ते फार कनवाळू होते.

"म्हणजे बाई, तुम्हाला लाल दिसत नाही?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"दिसतं. पण हिरव्यासारखंच दिसतं."

"अरेरे! मग पळस?"

"पळसाचं काय?"

"पळस फुलतो तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

"पळस दिसतो."

एवढ्यात आणखी वानरं खाली आली. एकाने पिकलेलं उंबर पुढे धरलं. "हे कुठल्या रंगाचं?" दुसऱ्याने पान धरलं. "आणि हे?" तिसऱ्याने आपला चेहराच पुढे केला. भागी कडब्याच्या रंगाचं म्हणाली की सगळे "हाय हाय" करायचे आणि पुन्हा तेच उंबर पुढे धरायचे. असा पाऊण तास गेला.

"साहेब, उंबर राहू द्या," भागी म्हणाली. "पूर्वी तुम्ही ओरडायचात ना, तसं ओरडा. बाकी काही नको."

लंबपुच्छरावांनी शेपटी झुलवली. "ओरडणं म्हणजे मागे जाणं, बाई. आपल्याला पुढे जायचंय. आणि उपाय नंतर. आधी तुमचं दुःख आम्हाला समजलं पाहिजे. आतून. तुमच्या डोळ्यांनी."

"मी सांगते ना समजावून."

"सांगून ते कसं समजणार?" लंबपुच्छराव म्हणाले आणि त्यांनी टिचकीरावांना बोलावणं धाडलं.

टिचकीराव हे तरुण वानर संगणकात पटाईत होतं. त्याने कामाला हात घातला आणि उन्हाळा लागेपर्यंत एक सॉफ्टवेअर तयार केलं. नाव ठेवलं 'परदृष्टी'. त्याचं काम असं. पडद्यावर एखादं चित्र घ्यायचं, बटण दाबायचं, की तेच चित्र रोहीला कसं दिसत असेल तसं दिसू लागायचं. शिवाय कमीजास्त करायची सोय होती. पट्टी डावीकडे ठेवली तर 'किंचित रोही'. मधे आणली तर 'अर्धी रोही'. पार उजवीकडे नेली तर 'संपूर्ण रोही'. कुत्रा आणि ससा हे पर्याय पुढच्या आवृत्तीत येणार होते.

प्रात्यक्षिक जांभळाच्या चौथ्या फाट्यावर ठेवलं होतं. 'सर्वांना मुक्त प्रवेश' असं पाटीवर लिहिलं होतं. भागीला झाडावर चढता येत नसल्यामुळे ती खाली उभी राहिली.

वर टिचकीरावांनी फुललेल्या पळसाचं चित्र लावलं आणि पट्टी उजवीकडे सरकवली. लालभडक पळस बघता बघता कडब्याचा झाला. वानरांच्या तोंडून हुंदका फुटला. एक म्हातारं वानर डोळे पुसत म्हणालं, "या गरीब प्राण्यांनी आजवर कसे दिवस काढले असतील!" दुसरं म्हणालं, "मी अर्धा तास संपूर्ण रोही होतो. मी आता पूर्वीचा राहिलेलो नाही." त्याला लगेच प्रमाणपत्र देण्यात आलं. मग सगळ्यांनाच हवं झालं. संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस वानरं 'प्रमाणित परदृष्टीधारक' झाली. त्यातल्या तिघांनी रोहींच्या जीवनावर व्याख्यानंही सुरू केली.

खाली भागी तहानलेली उभी होती. तिला कुणी पाणी पिऊ नको म्हटलं नव्हतं. पण पडदा कडब्याचा होता आणि बगळे त्या दिवशी आलेच नव्हते.

ती घरी गेली. मावशी बाभळीखाली बसून होती. कचेरीत भागी जपून बोलायची. घरी घरचं बोलायची.

"काय म्हणे वं माकडं?" मावशीने विचारलं.

"म्हणतात, आपलं दुःख समजलं आता त्यायले. रडत होते सारे."

"मंग ओरडतीन का आता?"

"नाही."

मावशीने थोडा विचार केला. "मंग समजलं काय त्यायले?"



दोन दिवसांनी पोपट निरोप घेऊन आला. सॉफ्टवेअर बरोबर आहे की नाही याची तपासणी करायची होती आणि त्यासाठी खऱ्या रोहीची गरज होती. भागीला आनंद झाला. तिला वाटलं, एवढ्या दिवसांनी का होईना, आपल्याला काही विचारणार आहेत. ती धावतच गेली.

जांभळाखाली दोन पडदे शेजारी शेजारी मांडले होते. डावीकडच्या पडद्यावर तळ्याचं साधं चित्र होतं, हिरव्या झाडांचं, लाल फुलांचं. उजवीकडे तेच चित्र, पण परदृष्टीमधून काढलेलं. संपूर्ण रोही. सगळं खातं फांद्यांवर दाटीवाटीने बसलं होतं. वानरांना दोन चित्रांतला फरक लांबून दिसत होता. एक रंगांनी भरलेलं, दुसरं सुकलेलं.

"बाई," टिचकीराव म्हणाले, "नीट बघा. घाई करू नका. या दोन चित्रांत तुम्हाला काय फरक दिसतो?"

भागीने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पुन्हा डावीकडे बघितलं. खोटं कशाला सांगायचं म्हणून ती म्हणाली, "काही नाही. दोन्ही एकच आहेत."

टिचकीराव जागच्या जागी उडाले. "जमलं! अगदी बरोबर जमलं!"

आता हे तुम्हालाही कळलं पाहिजे, म्हणून सांगतो. टिचकीराव बरोबर होते. उजवीकडचं चित्र म्हणजे डावीकडचं चित्र रोहीला जसं दिसतं तसं. मग रोहीला दोन्ही सारखीच दिसणार. तिला फरक दिसला असता तर सॉफ्टवेअर चुकलं असतं. फरक दिसला नाही, याचाच अर्थ ते शंभर नंबरी होतं. सगळ्या जंगलात परदृष्टीची याहून चांगली परीक्षा होणं शक्य नव्हतं.

वानरांनी टाळ्या वाजवल्या. लंबपुच्छरावांनी मात्र हात वर केला. प्रमुखाचं डोकं वेगळं चालतं, म्हणून तर तो प्रमुख असतो.

"थांबा," ते म्हणाले. "बाई, पुन्हा एकदा सांगा. तुम्हाला काही फरक वाटत नाही?"

"नाही, साहेब."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"पोपटराव, लिहून घ्या," लंबपुच्छराव समाधानाने म्हणाले. "तक्रारदार रोही हिला दोन्ही चित्रं दाखवण्यात आली. आपल्याला त्यात कोणताही फरक वाटत नाही, असं तिने सर्वांसमक्ष सांगितलं. सबब तक्रार निकाली."

भागी कळवळून म्हणाली, "अहो साहेब, फरक दिसत नाही हीच तर माझी तक्रार आहे!"

"हीच तर माझी तक्रार आहे," पोपट म्हणाला. "नोंद झाली."

"तुमच्या सहकार्याबद्दल खातं आभारी आहे," लंबपुच्छराव म्हणाले आणि भागीच्या गळ्यात त्यांनी लाल फुलांचा हार घातला. निदान बाकीच्यांना तो लाल दिसत होता.

उन्हाळा वाढला. टेकड्यांपलीकडचा झरा आटला आणि बाकीचे रोहीसुद्धा तळ्यावर येऊ लागले. त्यातले दोन पहिल्याच आठवड्यात गेले. खात्याला याचं अतोनात वाईट वाटलं. म्हणून लंबपुच्छरावांनी जाहीर केलं की यंदापासून दरवर्षी 'परदृष्टी दिन' पाळण्यात येईल. त्या दिवशी काठावरचा मोठा पडदाच दिवसभर 'संपूर्ण रोही'वर ठेवायचा. त्या दिवशी वानरं आणि रोही यांच्यात कसलाही भेदभाव राहणार नाही. सगळे एकाच नजरेने तळ्याकडे बघतील. आणि स्वतः लंबपुच्छराव रोहीच्या नजरेने पहिला घोट घेतील.

त्या सकाळी सगळं जंगल जमलं. मावशीला सावलीत बसवून भागी पुढे आली. टिचकीरावांनी पट्टी पार उजवीकडे नेली. पडदा कडब्याचा झाला. वानरांनी टाळ्या वाजवल्या. भागीला वाटलं, यात काय झालं? तिच्यासाठी काहीच बदललं नव्हतं.

लंबपुच्छराव काठावरच्या दगडावर बसले. शेपटी त्यांनी नेहमीप्रमाणे मागे सोडली. मागे पाणी होतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "आज मी रोही आहे."

भाषण लांबलं. शेंड्यावरच्या वानराने मगर निघालेली पाहिली आणि आपलं लालचं बटण दाबलं. पडदा लाल झाला असणार. पण पट्टी उजवीकडे होती, त्यामुळे तो कडब्याचाच राहिला. समोर अठ्ठेचाळीस प्रमाणित परदृष्टीधारक बसले होते. एकाच्याही लक्षात आलं नाही.

भागीला मात्र पाण्यावरची रेघ दिसली. इतक्या दिवसांत ती पाणी वाचायला शिकली होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली. पण रोहीचा आवाज तो केवढा! नुसता घोगरा हुंकार. लंबपुच्छरावांना वाटलं, श्रोते भारावलेत. त्यांनी शेपटी आणखी झुलवली.

आणि मगरीने ती धरली.

"खॅक!" लंबपुच्छराव किंचाळले. "खॅक! खॅक-खॅक-खॅक!"

मग सगळं जांभूळ ओरडू लागलं. टिचकीराव ओरडले. प्रमाणपत्रवाले ओरडले. पाट्यांची कुणालाही आठवण राहिली नाही. आणि खाली काय झालं माहीत आहे? हरणं, भेकरं, रानडुकरं, रोही, सगळी एका उडीत मागे झाली. ठमामावशीसुद्धा तीन पायांवर उडी मारून मागे झाली. वय झालं होतं, पण कान विसरले नव्हते.

भागीच्या डोळ्यांत पाणी आलं. मगर काठाला होती, धावपळ चालली होती, आणि हिला आनंद झाला होता. तो आवाज तिने लहानपणापासून ऐकला होता. त्या आवाजाच्या भरवशावर ती डोळे मिटून पाणी प्यायली होती.

लंबपुच्छराव वाचले. शेपटी मात्र दीड वीत कमी झाली, म्हणजे इतरांएवढी झाली. दुपारी तातडीची सभा भरली. भागी खाली कान देऊन उभी होती. आता तरी कळलं असेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

"आज आपण मोठा धडा शिकलो," शेपटीला पाला बांधलेले लंबपुच्छराव म्हणाले. "पडद्याचे रंग दिसत नसतील तर जिवाला धोका असतो."

"बरोबर!" सगळे म्हणाले. खालून भागीही म्हणाली.

"अशा वेळी ओरडण्याला पर्याय नाही."

"नाही!" भागी म्हणाली.

"म्हणून ठराव असा. परदृष्टी दिनी आपल्याला रंग दिसत नाहीत. सबब त्या दिवशी, वानरांच्या सुरक्षेसाठी, ओरडायला परवानगी असेल. आजचा दिन अर्धवट राहिला, तो उद्या पुन्हा पाळण्यात यावा."

ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा 'संपूर्ण रोही'वर गेला आणि वानरं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पहाऱ्याला बसली. मगर हलली की ओरडायची. लांब गेली की गप्प व्हायची. त्या दिवशी ठमामावशी गुडघाभर पाण्यात उतरली. सावकाश प्यायली. थांबून श्वास घेऊन पुन्हा प्यायली. कितीतरी महिन्यांनी तिने पाण्यातून मान वर काढून इकडे तिकडे न बघता शेपटीने माश्या हाकलल्या. भागी काठावर तिच्याकडे बघत उभी राहिली. इतकं सुख तिला त्या उन्हाळ्यात दुसरं मिळालं नव्हतं.

"लय गोड लागलं वं पाणी," मावशी म्हणाली. "उद्या बी ओरडतीन नं?"

भागी विचारून आली.

"उद्या कशाला?" टिचकीराव चकित होऊन म्हणाले होते. "उद्या पट्टी डावीकडे. उद्या रंग स्वच्छ दिसतील की."

"कोणाला?"

"सगळ्यांना," टिचकीराव म्हणाले.

भागीने परत येऊन मावशीला सांगितलं, "पुढल्या वर्षी ओरडतीन."



त्यानंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, दोघी तळ्यावर गेल्या. बगळे काठावर बसलेले होते. पाण्यावर रेघ नव्हती. पडदा कडब्याचा होता. मावशीची जीभ टाळूला चिकटली होती. भागीने पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं आणि ती म्हणाली, "जाय मावशी, पेऊन घे."

बगळे त्या दिवशी उडाले नाहीत.

खात्याने दुसऱ्याच दिवशी चौकशी केली. पोपटाने निष्कर्ष वाचून दाखवला. घटनेच्या वेळी पडदा लाल होता. बटण वेळेवर दाबलं गेलं होतं. यंत्रणेत दोष नाही. भागी ऐकत होती. "जाय मावशी" हे आपलेच शब्द तिला ऐकू येत होते आणि त्यापुढे पोपटाचं काही ऐकू येत नव्हतं.

मग शोकसभा झाली. लंबपुच्छरावांना खरोखर रडू आलं. ते एवढंच म्हणाले, "दिवंगत ठमाबाईंना आपण त्यांच्याच नजरेने आदरांजली वाहू." त्यांनी खूण केली. टिचकीरावांनी पट्टी पार उजवीकडे नेली. दोन मिनिटं सगळ्यांनी 'संपूर्ण रोही' व्हायचं होतं.

पडदा कडब्याचा झाला. वानरांना रंग दिसेनासे झाले. आणि ठराव होताच, म्हणून ती दोन मिनिटं वानरं पहाऱ्याला बसली आणि मगर हलली तसतशी ओरडली.

त्या दोन मिनिटांत भागी पाणी प्यायली.

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याचं दुःख नेहमी त्याच्या डोळ्यांनी पाहावं. एकदा ते नीट पाहून झालं की त्याचं ऐकून घ्यावं लागत नाही.